कच्चा डाख

गंजमाळला सायकलच्या दुकानावर माझी खोली.
बारा पायऱ्या दगडी, तेरावी लाकडी.
सलोमी अमोलिक पाठीवर बास घेऊन चढली
तेव्हा तेरावी करकरली,
आणि मी मान वर न करताच म्हटलं,
जड आहे, भिंतीला टेकव.

"हा गुणगुणतो," ती म्हणाली,
"मी वाजवत नसले तरी."

कुठे? कधी?
शरणपूरला, चर्चमध्ये, ट्यूबलाइटखाली जास्त.
घरी फ्रिज चालू झाला की.
बाबांच्या हातात मात्र कधीच नाही.

अँपला लावला.
तीच ती ओळखीची घूंऽऽ,
एकलहऱ्याहून तारांवरून चालत आलेली,
कुणाच्याही घरात बिनबोलावता बसणारी.
बासच्या तारांना हात लावला. फरक नाही.
ब्रिजला लावला. नाही.
जॅकच्या नटावर बोट टेकवलं
आणि खालचा सायकलचा पंप ऐकू आला.

म्हणजे अर्थिंग.
ब्रिजपासून पोटापर्यंत गेलेली एक वायर
धरल्यासारखी दिसते, आणि धरत नाही.
(पॉटला आम्ही पोटच म्हणतो.
उस्ताद म्हणायचे, आधी पोट बघ, डोकं नंतर.)

चार स्क्रू, एकाचा आटा गेलेला.
क्रोमची पट्टी उलटी केली तर आत
बिस्किटाच्या पुड्याची चंदेरी, फेविकॉलनं डकवलेली.
हे शांतवनचं काम.
दुखणं कळलं होतं त्याला, जागा सापडली नव्हती.
कपॅसिटर हिरवा, जुना, ठीक.
टोनचं पोट खरखरत होतं,
फवारा मारून वीसदा फिरवलं.
मग व्हॉल्यूमच्या पाठीवर
पिवळी टेफ्लॉनची वायर.

ती वायर मी ओळखतो.
विमानाच्या भंगारातून किलोनं आणली होती,
तेव्हा अख्ख्या नाशकात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.
आणि तो डाख,
राखाडी, गोळा झालेला, पाणी उडालेला,
पत्र्यावर नुसता बसलेला, मुरलेला नाही,
तोही ओळखतो.

ऑर्केस्ट्राची गाडी सटाण्याला निघायची होती.
शांतवन दारात उभा, खाली हॉर्नवर हॉर्न.
मी पत्रा खरवडला नाही, तापू दिला नाही,
कथील ठेवलं आणि वर फुंकर मारली.
फुंकर मारणाऱ्याच्या बोटांवर उस्ताद पक्कड हाणायचे.
त्या दिवशी ते मालेगावला गेले होते.

सव्वीस वर्षं.
मेन रोडला भेटायचा, चहा पाजायचा,
बासचा विषय कधी काढला नाही.

"बाबांची ती स्टाईल होती," सलोमी सांगत होती,
"करंगळी अशी, पट्टीवर, कायम.
लोक फोटो काढायचे त्या बोटाचा.
माझी पोचतच नाही तिथे."

मी आयर्न जास्तच वेळ स्पंजवर पुसत राहिलो.
सव्वीस वर्षं त्या माणसाची एक करंगळी
माझ्या डाखाचं काम करत होती.
हळदीत, वर्षश्राद्धात, नाताळच्या मध्यरात्री,
चार बोटं वाजवायला, पाचवं माझ्यासाठी.

पत्रा खरवडला. राळ लावली.
यावेळी तापू दिला,
कथील आपण होऊन पसरेपर्यंत,
आणि निवेपर्यंत हात हलवला नाही, तोंड मिटून बसलो.
मीटरनं पिंग केलं.
सलोमीनं सगळ्यात जाडी तार सोडली तेव्हा
डब्यातले नट थरथरले, बाकी काही नाही.
तिची करंगळी अजून पट्टी शोधत होती.
म्हटलं, असू दे.

"किती झाले?"
"फवाऱ्याचे ऐंशी."
"आणि डाखाचे?"
"ते मिळालेत. तुझ्या बाबांकडून."
"आगाऊ देऊन ठेवले होते?"

मी चष्मा पुसत होतो. नाही म्हटलं नाही.
ती उतरायला लागली, तेरावी करकरली.
तिचे दोन खिळे कित्येक वर्षं
खोक्यात काढून ठेवलेत.