दगड मुरायला घातलेत

मुहर्रकमधली खजुराची वखार पाडली, पार्किंगसाठी.
भिंतीतून निघाले ते समुद्राचे दगड,
हलके, भोकाभोकांचे,
कधीकाळचं पोवळं.
हाजी मतर म्हणाला, ने हवे तेवढे, फुकट.
दुकानात हेच किलोवर विकतात म्हटल्यावर
इतका हसला
की वेलचीची कॉफी सदऱ्यावर सांडली.

मतर म्हणजे पाऊस.
चार वर्षांत त्याच्याखेरीज
दुसरा फारसा पाहिला नाही.

पहिल्या शुक्रवारी घासले.
बाटल्या धुवायचा ब्रश, जुना स्क्रूड्रायव्हर.
गिलावा निघाला, एक गंजका खिळा,
आणि एका बिळात खजुराची बी,
काळी, अखंड.
ती खिडकीत ठेवली. का, ते विचारू नका.
मग सिरका ओतला.
दगड फसफसले, गच्चीभर आंबट वास,
खालचा पॉलोस धावत वर आला:
कैऱ्या कुठे मिळाल्या?

हिद्दच्या प्लांटवर माझं काम
समुद्रातून मीठ काढायचं.
बारा तास पाणी पडद्यांतून दाबतो,
अळणी करून शहराला पाजतो.
घरी येऊन तेच नळाचं पाणी
आणखी एका गाळणीतून काढतो,
मग बादलीतलं, विमानानं आलेलं मीठ
तोलून, ढवळून
पुन्हा समुद्र करतो.
खरा समुद्र दोन सिग्नल पलीकडे आहे.
पण तो पंचेचाळिसावर गेलाय,
मला पाहिजे पस्तीस.
उरलेला खार त्यात सोडतं कोण?
आम्हीच.

निळं पिंप. वर झाकण. आत अंधार,
आणि एक पंप, पाणी फिरतं ठेवणारा.
उजेड इतक्यात नाही,
उजेड दिसला की शेवाळ माजतं.
अमोनियाचे थेंब, मोजून,
डोळ्यांना न दिसणाऱ्यांना आवतण.

शैला वेंगुर्ल्याहून विचारते,
शिजले काय तुझे दगड?
शिजत नाहीत गं, मुरतात.
मग बराच वेळ फोनवर फक्त पंखा ऐकू येतो, तिचा की माझा.
घराचे हप्ते अजून सव्वीस.
हात कुठल्या दगडाखाली आहे
ते दोघांनाही पाठ आहे.

ऑगस्टात पिंप तापलं.
बर्फाच्या बाटल्या सोडल्या, सकाळ-संध्याकाळ,
आजाऱ्याच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तशा.
काचेच्या नळीतलं हिरवं हळूहळू पिवळं झालं,
जांभळंही फिकटलं,
म्हणजे कोणीतरी आले होते, राहिले होते, खात होते.
फॉस्फेट तेवढं निळंच.
पाणी बदललं, निळं.
पुन्हा बदललं, निळं.

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतो ना आपण?
इथे मुरलेलंच बाहेर येत होतं:
पोत्यांतून गळलेला पाक,
हमालांच्या पाठी,
उंदीर, धूर, कोण जाणे किती उन्हाळे.
दगडाला पाझर फुटतो असं शाळेत शिकलो होतो.
तो फॉस्फेटचा असतो
हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

किती वेळा बदललं मग पाणी, मोजलं नाही.
डिसेंबरात मतर जिने चढून आला,
दर मजल्यावर थांबत.
झाकण उघडलं, वाकला,
पिंपात नाक घालून उभा राहिला
कितीतरी वेळ.
लहानपणी त्या वखारीत चोरून खाल्लंय म्हणाला, बोटं चाटत.
वास गेला सगळा.

मला वाटलं होतं, शाबासकी देईल.
वास जाणं म्हणजेच तर तयार होणं.
मी नळी दाखवली: बघ, जवळजवळ पांढरी.
त्यानं मान हलवली, नळीकडे न बघता.

जाताना खिडकीशी थांबला.
बी उचलली, अंगठ्यानं पुसली,
आणि न विचारता
खिशात टाकली.