मागचा डबा, पुढचं दार

माझ्याआधी माझी बातमी पोचते.
कार्डिफचा माणूस फोन उचलून पुढच्याला सांगतो:
"एक खुर्ची. मागचा डबा, पुढचं दार.
कुम हेलिग."

खुर्ची.
नेरिस प्रॉबर्ट, वय अठ्ठावन्न,
इस्पितळात रक्ताच्या काचपट्ट्या वाचणारी,
एवढं सगळं त्या फोनात मावत नाही,
आणि गाडी सुटायला दोनच मिनिटं असतात.

कुम हेलिग म्हणजे वाळुंजांची दरी.
वाळुंज एकच उरलंय, सिग्नलमागे.
तिथे गाडी आणि फलाट यांच्यामध्ये
एक वीत उंची, चार बोटं फट.
मोजलीय मी, खुर्चीतून वाकून,
इड्वल मागून ओरडत असताना.
एवढ्याशा जागेवरून लोक
मोबाइलमधून डोकं वर न काढता उतरतात.
मला चोवीस तास आधी कळवावं लागतं.
म्हणजे उद्याची हुक्की
मला आजच यायला हवी.

इड्वल रॅम्पचं कुलूप काढतो,
घडी उलगडतो, पायाने ठोकून बसवतो,
आणि मी उतरेपर्यंत कबुतरांचं सांगतो.
शर्यतीची आहेत त्याची, सहा.
दोनशे मैलांवर सोडली तरी
संध्याकाळी आपापली खुराड्यात.
त्यांच्यासाठी कुणी
पुढे फोन करत नाही,
हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
तो फोन वाटेत कुठेतरी राहिला.
दार उघडलं. फलाट ओला, रिकामा.
वर टेकडीवर माझ्याच स्वयंपाकघरातला दिवा,
सकाळी बंद करायचा विसरलेला.
दाराची शिट्टी वाजायला लागली.
मी खुर्ची पुढे घेतली
आणि पायफळी दारात घातली.

दार आलं, लागलं, परत गेलं.
आलं, लागलं, परत गेलं.

गार्ड धावत आला. "बाई, गाडीला उशीर होतोय."
म्हटलं, "मलाही."
कुणाचा तरी पिझ्झा गार होत होता,
त्याचा वास डब्यात बसून राहिला.
एक जण उठला, भला माणूस,
"आम्ही चौघं उचलतो की तुम्हाला."
म्हटलं, "चौघांनी उचलायची वेळ
अजून आलेली नाही."
कोपऱ्यातली मुलगी फिस्सकन हसली,
मग लाजून खिडकीबाहेर बघायला लागली.

एकोणीस मिनिटं.
इड्वल पलीकडच्या बाजूने
पूल चढून उतरून आला, दम खात, रॅम्प ओढत.
त्याच्या डोक्यावरच्या पाटीवर अक्षरं सरकत होती:
विलंबाचं कारण, एक प्रवासी.
दोनदा वाचलं.
या मार्गावर तेवीस वर्षांत
रेल्वेने पहिल्यांदा
मला प्रवासी म्हटलं होतं.

यंदा मेमध्ये नव्या गाड्या आल्या.
त्याआधी फलाट फोडून उंच केला,
उन्हाळी सुट्टीतल्या पोरांसारखा
धुळीने माखून पडला होता कितीतरी दिवस.
आता डब्याची जमीन आणि फलाटाची जमीन
एका रेषेत.
चाकाला कळत नाही कुठे काय संपलं.
मला कळलं. मी मागे वळून पाहिलं
आणि पुन्हा आत गेले,
पुन्हा बाहेर आले, उगाच.

इड्वल फाटकापाशी पाठमोरा उभा होता,
खिशातून मक्याचे दाणे काढून मोजत.
दचकलाच. "कधी आलीस गं?"
"आत्ताच," म्हटलं. "न कळवता."
तो हसला, पण त्याचा हात
सवयीने कुलपाच्या किल्लीकडे गेला होता
आणि तिथेच जरा वेळ राहिला.

रॅम्प अजून आहे, साखळीत, भिंतीला टेकून.
पुढचं स्टेशन जुनंच आहे. पैसे संपले, म्हणतात.
तिथे माझी धाकटी बहीण राहते, सात मिनिटांवर.
तिची आठवण मला अजूनही
चोवीस तास आधी यावी लागते.