शून्याचा दिवस

माटुंग्याच्या गच्चीवर सकाळी सहाला
कुंडीतली कपाशी उघडते.
फिकट पिवळं फूल, अजून घडी न मोडलेलं.
मी देठाला लाल दोरा बांधते
आणि चिठ्ठीवर लिहिते: शून्य.
उद्या ते गुलाबी पडेल, परवा गळेल,
शेवंताबाई केरात लोटतील.
आमची मोजणी फुलापासून सुरू होते खरी,
पण पुढे फुलाला कोणी विचारत नाही.

खाली, दुसऱ्या मजल्यावर,
मी कोवळं बोंड चिमट्यानं सोलते.
आत सरक्या, तांदळाच्या कणीएवढ्या, ओल्या.
त्यांच्या अंगावर पेशीला पेशी लागून,
सगळ्या सारख्या, मोरीतल्या लाद्यांसारख्या.
चारांतली एखादी आजच्या आज डोकं वर काढते
आणि वीस-बावीस दिवस वाढतच राहते,
एकटी, न विभागता,
बोटाच्या पेराहून लांब.
तिला आपण धागा म्हणतो,
दुपटं म्हणतो, जखमेवरची पट्टी.
बाकीच्या तिघी सालीतच राहतात.

का तीच?
या दोन शब्दांवर माझी सहा वर्षं गेली
आणि डोळ्यांचा नंबर दोनदा बदलला.

ऑक्सिनला पाय नाहीत.
पेशीत शिरणं त्याला जमतं,
बाहेर पडायला मात्र दार लागतं,
आणि ते दार कसं घडवायचं
ते एका जनुकात लिहिलेलं असतं.
नुसतं दार असून भागत नाही.
ते कुठल्या भिंतीला बसवलंय, मेख तिथे आहे.
शेजारणींची दारं हिच्या बाजूला,
हिचं स्वतःचं बंद.
मग येईल तेवढं साठतं
आणि ती उठते.
आईला हे सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे तळमजल्याचा नळ.
नाही गं, म्हटलं.
आणि रात्री पडल्या पडल्या वाटलं, बरंचसं तसंच.

काचघरातल्या अकरा झाडांत
ते जनुक आम्ही गप्प केलं.
बोंडं धरली. फुटली.
आत कापूस होता, पण विरळ,
आजारातून उठलेल्याच्या केसांसारखा.
यंत्रानं आकडा दिला. मी तो तीनदा घेतला.

मग जे करू नये ते केलं.
चिमूटभर कापूस पाकिटात घालून
शिवडीला प्रेमजी गालांकडे गेले.
कॉटन ग्रीनच्या वखारीत
चाळीस वर्षं त्यांनी पेळू ओढून पाहिला.
दोन्ही अंगठ्यांत पुंजका धरायचा,
ओढायचा, टाकायचा, पुन्हा ओढायचा,
काळ्या कापडावर गुडघ्याशी मांडायचा
आणि आकडा बोलायचा.
आता मोतीबिंदू. तरी अंगठे तेच.

"कुठला माल?"
"माटुंग्याचा."
ते हसले. मग हसायचे थांबले.
पुन्हा ओढला. कापड उजेडाकडे सरकवलं.
यंत्राचा आकडा त्यांनी दशांशाशिवाय सांगितला
आणि नंतर, जरा घुटमळत,
"पाणी मिळालंय याला. खतसुद्धा.
पण ए पोरी, याला आतून
कोणी हाक मारलेली नाही."

मी दाराबद्दल काही बोलले नाही.
त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो प्यायले.

हा कापूस बाहेर ठेवता येत नाही,
मी म्हटलं, नियम आहे, जाळावा लागतो.
त्यांनी कापड झटकलं नाही.
एकेक तंतू वेचून पाकिटात टाकू लागले,
दिसत नव्हतं तरी, बोटाच्या टोकानं चाचपत,
जणू पुढे कुणाला तरी
या मालाचा हिशेब द्यायचाय.
मी जिन्यात पोचले तर मागून हाक आली.
अंगठ्याला एक चिकटून राहिला होता.
तोही घेऊन जा म्हणाले.