वयानुरूप

म्हशीनं लाथ मारली म्हणून हिलाल आप्पा आले,
अकुलखेड्याहून चोपड्याला, सायकलवर.
वय अठ्ठ्याहत्तर. विडी नाही, तंबाखू नाही.
चिठ्ठीवर एवढंच: डावी बरगडी.

यंत्रातली बाई म्हणाली, साँस रोकिए.
रोखला.
छोड़िए म्हणाली तरी सोडेनात,
मी काचेवर टकटक केली तेव्हा कुठे.

बरगडी शाबूत.
पण फुफ्फुसांच्या तळाशी, दोन्हीकडे,
बारीक रेघा,
आणि उजवीकडे हवेचा एक रिकामा बुडबुडा
ज्वारीच्या दाण्याएवढा.

पूर्वी मी याला मोठं नाव दिलं असतं.
एका निवृत्त मास्तरणीला दिलं होतं.
मग नाशिक, मुंबई, चार महिने गोळ्या,
रात्री उशाशी मोजलेला श्वास.
रेघा होत्या तिथेच राहिल्या.
तिची झोप तेवढी गेली.

"काय शे, डाक्तर?"

खिडकीपलीकडे केळीचा मळा.
जुन्या पानांच्या चिंध्या,
तरी हिरव्या, तरी उन्हात काम करणाऱ्या.
मी नुसतं बोट केलं.
आप्पांनी पाहिलं, पडद्याकडे पाहिलं,
"ते वारानं काम शे," म्हणाले,
आणि सदरा चढवू लागले.

मी टाइप केलं: वयानुरूप.
मास्तरणीचा नंबर अजून फोनात आहे.

पैसे मोजताना आप्पांनी विचारलं,
"म्हैसना बी फोटो काढतस का आठे?"