सध्याचा वापर

गच्चीची किल्ली वाळिबा गांगुर्डेच्या करदोड्याला.
"साहेब, वर काय बघायचंय? वर काहीच नाही,"
म्हणत तो पुढे चढतो, मजल्यामजल्यावर थोडा खोकतो.
मनपाचं प्रसूतिगृह, जुनं नाशिक,
सत्तावन्न पायऱ्या,
माझ्या हातात मिळकत विभागाचा नमुना,
रकाने चौदा.

हरकती व सूचना: मुदतीत आल्या नऊ.
खैरनार बाई विचारतात, लहरींनी बाळाच्या टाळूला काय होतं,
खुलासा लेखी मिळावा.
अत्तारांचं म्हणणं, भाडं दवाखान्यालाच मिळावं,
छत गळतंय, कंपनी काय बादल्या लावणार आहे?
निकम सरांची आठ पानं, सोबत कात्रणं.
त्याच निकम सरांचा अर्ज गेल्या सालच्या फायलीत:
'आमच्या आळीत रेंज येत नाही,
करदात्यांनी बोलायचं तरी कुठून?'
दोन्ही सह्या सारख्याच ठसठशीत.
मी हसलो नाही. माझ्याही घरी
मोबाइल खिडकीच्या गजाला बांधलेला असतो.

गच्ची.
रकाना चार, क्षेत्रफळ. टेप धरली.
रकाना पाच, भार पेलण्याची क्षमता. अभियंता कळवतील.
टाकीमागे मोडके लोखंडी पाळणे,
एकात एक घातलेले, गंजून एकमेकांचे झालेले.
सात मोजले. 'निर्लेखन करावे' असा शेरा मारला.
खाली तांबट आळीत कुणीतरी एकच हंडा
सकाळपासून ठोकतंय.
तिकडे चांभारलेणीचा डोंगर, स्वच्छ.
पांडवलेणी धुरकट.

पलीकडे वळलो तर वाळिबा म्हणाला,
"तिथं नका टेप लावू. तो कोपरा बापांचा."

कठड्याचा गिलावा तिथं गुळगुळीत झालाय, कोपरं टेकून टेकून.
अख्ख्या इमारतीत रेंज तेवढ्याच हातभर जागेत,
एक कांडी,
गंगेकडचं वारं सुटलं तर तीही जाते.
"खाली नर्सबाईंनी सांगितलं की हे वर पळत सुटतात.
चपला जिन्यातच. रात्रीचे दोन असोत, तीन असोत.
किल्ली उशाशी घेऊन झोपतो मी."
भिंतीवर कोळशाने, खिळ्याने, बॉलपेनने
नंबर. मामाचे, आत्याचे, टेम्पोवाल्याचे.
एका ठिकाणी नुसतंच:
दोन किलो आठशे.

"परवा पेठकडचा एक भोये आला.
त्यांच्या गावात रेंज टेकडीवर. म्हणजे पलीकडचाही
उभाच असणार, त्यालाही एकच कांडी.
हा ओरडतोय, पोरगी झाली, पोरगी,
तो विचारतोय, कोण बोलतंय? कोण आली?
पाच वेळा, साहेब.
खाली तांबटांनी हातोड्या थांबवल्या.
आळीला कळलं सगळ्या. गावाला कळलं का नाही, देव जाणे."

मी विचारलं, आता टॉवर आला की?
"मग काय. खाटेशेजारीच बसून बोलतील. बरंच की.
बाईलाही ऐकू येईल, हा घरी काय सांगतो ते."
त्याने किल्ली करदोड्याची सोडली,
तळहातावर जरा तोलली,
माझ्यापुढे धरली.
"ही मग कंपनीकडं द्यायची ना?"

रकाना अकरा: सध्याचा वापर.
याआधीच्या सगळ्या गच्च्यांवर मी एकच शब्द लिहिलाय,
शाळा क्रमांक अमुक, जलकुंभ तमुक, मंडईची इमारत,
निरंक, निरंक, निरंक.
आजही 'नि' काढला.

तेवढ्यात जिन्यात पावलं.
अनवाणी, दोन-दोन पायऱ्या टाकत.
वाळिबा न बोलता भिंतीला सरकला.
मीही टेप गुंडाळून घेतली
आणि बाजूला झालो.