तीन-दोनची फांदी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळी विणायच्या जुन्या शेडच्या माडीवर
आम्ही चौघं मासळीच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहितो.
लाटेवर बोट डोलते, आकडा डोलता कामा नये.
काम म्हणाल तर एवढंच.

मी इथे लागले तेव्हा एकशे बारा ब्रँच होत्या.
'नवीन'. 'नवीन-दोन'. 'आता-खरंच-नवीन'.
'हेयिनची-हात-लावू-नये'.
आणि एक नुसतीच 'शुक्रवार',
कुठल्या सालातला, कुणालाच आठवेना.
रान्वा म्हणाली, कॉफी ओतून घे,
यातलं ओलं काय नि वाळकं काय, आधी ते बघू.

तीन दिवस आम्ही छाटत होतो.
जी खोडात मिसळून गेली तिला तोडताना काही वाटत नाही,
तिचा रस केव्हाच खाली उतरलेला असतो.
'शुक्रवार' उघडली तर आत एकच ओळ बदललेली,
शेजारी टीप : 'उद्या बघतो.'
लिहिणारा टुम्मस.
तो आता फियॉर्डातल्या सामनच्या पिंजऱ्यांवर असतो, मजेत आहे.
पुसली.

उरल्या सहा. त्यांतली एक तीन-दोनची,
जगात एकाच बोटीसाठी जिवंत ठेवलेली :
'सूलान'. तिचा संगणक जुना, कप्तान त्याहून जुना,
नि दोघंही नवं काही चढवू देत नाहीत.
हिच्यावर नवं पान फुटू द्यायचं नाही,
रान्वानं बजावलं, फक्त कीड काढायची.
आणि जे बोटीवर गेलं त्याला त्याच दिवशी टॅग.
टॅग म्हणजे खूणगाठ. मारली की मारली.

मार्चात आम्ही पाच-शून्य बांधलं. गुरुवारी दुपारी टॅग लागला,
संध्याकाळी हेयिन मान खाली घालून आला :
मोठ्या लाटेत काटा बंद पडून परत सुरू झाला
की पहिल्या खोक्याचं वजन दोनदा वजा होतंय.
'टॅग जरा पुढे सरकवूया का? अजून कुणी उतरवून घेतलं नसेल.'
रान्वा खिडकीबाहेर बघत राहिली.
या बेटांवर दगड सगळाच काळा,
रेघेचं मोल निराळं सांगावं लागत नाही.
'नसेल,' ती म्हणाली, 'एवढ्या शब्दावर मी गाठ सोडत नाही.
पाच-शून्य चुकलं, ते चुकलेलंच राहू दे.
पाच-शून्य-एक बांध.'

मग सवयीनं मागे मागे गेलो, चूक आली कुठून ते बघायला.
चार-सात. चार-शून्य. फांदी फुटायच्या आधीचं खोड.
म्हणजे तीन-दोनमध्येही तीच.
ओळीसमोर नाव नि तारीख, नऊ वर्षांपूर्वीची रात्र,
दोन वाजून दहा मिनिटं :
रान्वा.

कुणी काही बोललं नाही. हेयिननं उगाच कप धुतले.
तिनं ती एकच दुरुस्ती उचलली, जुन्या फांदीवर नेऊन बसवली,
तीन-दोन-चौदा अशी गाठ मारली,
नि टॅगच्या संदेशात लिहिलं :
'खोकं एकदाच वजा. चूक माझी.'

'सूलान' तीन आठवड्यांनी लागली.
पेनड्राइव्ह खिशात घालून आम्ही दोघी शिडी चढलो.
डॉन्यलनं पडद्यावरचा आकडा वाचला. 'तेरा होतं. चौदात काय?'
तिनं सांगितलं. सगळं, तारखेसकट.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
खलाशांचे वाटे वजनावर ठरतात,
नि तेव्हाचे निम्मे खलाशी आता या बोटीवर नाहीत.

'मागचे आकडे ठेवलेत ना तुम्ही?'
'पहिल्यापासून,' रान्वा म्हणाली. 'हवा तो दिवस उभा करून दाखवते.'
'मग बसा,' तो म्हणाला,
नि फळीवरून वह्या खाली काढू लागला.