हरकत नोंदवलेली नाही

सोमवारी साडेदहाला मी फोन उभा करतो
बर्फाच्या कारखान्याच्या पश्चिमेकडच्या खिडकीत,
मिठाच्या दोन गोणींच्या बेचक्यात.
अख्ख्या हर्णै बंदरात आमची रेंज तेवढी हातभर.
वीतभर सरकलं की कोल्हापूर बुडतं.

चौकोन उघडतात.
नाडगौडा साहेब, मागे पुस्तकांचं खोटं कपाट.
हिशेबाच्या विदुलाबाई, हातात चहाचा कप.
पुण्याचा एक मुलगा, ज्याचा चेहरा अजून कुणी बघितला नाही,
नुसतं एक अक्षर जांभळ्या गोलात.
आणि कोपऱ्यात मी:
कपाळ, आणि छताचा पंखा.

"आडिवरेकर, मागे कसला आवाज येतोय?"
कॉम्प्रेसरचा, साहेब.
त्याच्याबद्दलच बोलतोय आपण.
"जरा म्यूट करा ना."

विषय चार. दुसरा कॉम्प्रेसर विकायचा,
एक तारखेपासून रात्रपाळी बंद.
पडद्यावर एक लाल रेघ
ओहोटीच्या पाण्यासारखी खाली खाली.
दारात हसनमियाँ उभा, खांद्यावर ओलं किंतान.
एकोणीस वर्षं रात्रपाळी त्याची.

मी म्यूट काढला.
म्हटलं, होड्या पहाटे साडेतीनला लागतात,
बांगडा काही ऑफिस उघडायची वाट बघत नाही.
रात्री बर्फ नसला तर नाखवे दाभोळला वळतील,
मग परत कोण आणणार त्यांना, ही रेघ?
म्हटलं, हा माणूस पाइपावर तळवा ठेवतो
आणि कुठला वाल्व कुरकुरतोय ते सांगतो,
मीटर तासाभराने सांगतो तेच.
चार मिनिटं बोललो.
कुणी मध्ये तोडलं नाही.
इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलंच नव्हतं,
घरीसुद्धा.

मग दिसलं,
विदुलाबाईंचा कप ओठांशी गेलेला
खाली येतच नाही.

गोठण्यातलं मला थोडं कळतं.
लादी धरायला अठरा तास लागतात,
कडांकडून आत, सावकाश,
मधलं पाणी शेवटपर्यंत हट्ट करतं,
म्हणून तर पोटात पांढरी शीर राहते.
आणि ही माणसं
एका क्षणात,
अमोनियाशिवाय.

चित्र हललं तेव्हा साहेब म्हणत होते,
"...तर मग, पुढचा विषय."

दुपारी मेल आला.
विषय चार: सर्वानुमते मंजूर.
हर्णै केंद्राची हरकत नोंदवलेली नाही.

"काय ठरला?" हसनमियाँने विचारलं.
आवाज तुटत होता, मी म्हटलं.
"माका नाय तुटला," तो म्हणाला,
"तू बोललास ता सगळा ऐकला मी."

मग किंतान खाली ठेवून
त्याने पाइपावर हात टेकला, डोळे मिटले.
"दोन नंबरचा वाल्व खरखरतोय.
येत्या सोमवारी सांग त्यांना."